‘दोन तासांची काच’ मागण्याआधी

“साहेब, दोन तासांची फायर ग्लास काय भावानं पडेल?” आठवड्यातून एकदा तरी हा फोन येतो. कधी नवा साइट इंजिनिअर असतो, कधी पर्चेसवाला, कधी आजवर अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणारा आणि आता मोठ्या कामात शिरू पाहणारा फॅब्रिकेटर. मी उलट तीन प्रश्न विचारतो. काच कुठे बसणार? आग लागली तर काचेच्या दुसऱ्या बाजूला कोण असेल? चौकट कशाची आहे? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा “अॅल्युमिनियम, पावडर कोटेड” असं उत्तर येतं, आणि मग भावाची गोष्ट बाजूला ठेवून तासभर बोलावं लागतं. तेच बोलणं इथे उतरवतोय.

उदाहरण म्हणून एकच उघडी जागा शेवटपर्यंत धरू. ऑफिसच्या इमारतीचा सहावा मजला. एका बाजूला कामाचा हॉल, दुसऱ्या बाजूला जिन्याची लॉबी. मधल्या भिंतीत २४०० मिमी रुंद आणि २७०० मिमी उंच जागा मोकळी ठेवलीय. लॉबीत उजेड हवा म्हणून आर्किटेक्टला तिथे काच हवीय, आणि फायर कन्सल्टंटच्या ड्रॉइंगवर त्या भिंतीवर लिहिलंय ‘१२० मिनिटे’.

आगीत काचेचं काय होतं

खोलीला आग लागली की काचेचा मधला भाग झपाट्याने तापतो. चौकटीत दडलेली कड मात्र थंडच राहते. मधला भाग फुगायला बघतो, कड त्याला अडवते, आणि कडेवर ताण येतो. साध्या काचेत हा फरक चाळीसेक अंशांवर गेला की कडेवरच्या एखाद्या बारीक टवक्यापासून तडा निघतो. चहाचा ग्लास उकळत्या पाण्याने तडकतो, तोच प्रकार.

टफन (तापवून झटकन थंड करून कडक केलेली) काच बराच जास्त फरक सोसते, दोनशे अंशांच्या आसपास. म्हणून लोकांना वाटतं की टफन म्हणजे आगीला चालणारी. पण टफन फुटते तेव्हा तडा जाऊन उभी राहत नाही, सगळीच्या सगळी दाणे होऊन खाली येते. क्षणात सगळी उघडी जागा आगीला मोकळी. आणि आगीचा वेग पाहा. जगभरच्या चाचणी भट्ट्या ज्या प्रमाणित वक्राने चालवतात (आयएसओ ८३४), त्यात पाचव्या मिनिटाला तापमान ५७६ अंश असतं, तिसाव्या मिनिटाला ८४२, तासाला ९४५ आणि दोन तासांना १०४९. दोनशे अंशांचा फरक सोसणारी काच यात किती मिनिटं टिकेल याचा अंदाज तुम्हीच करा. बारा मिमी टफन लावून “फायर ग्लास बसवली” म्हणणारे मी पाहिलेत. तो अडाणीपणा तरी असतो, नाहीतर लबाडी.

ई, ईडब्ल्यू, ईआय

ही तीन अक्षरं पाठ करा. युरोपीय वर्गवारीतली (ईएन १३५०१-२) असली तरी आपल्याकडच्या कागदांवर सर्रास दिसतात.

‘ई’ म्हणजे अखंडता. ज्वाळा आणि गरम वायू पलीकडे जाऊ द्यायचे नाहीत, बस्स. उष्णता जाते. अशा काचेपलीकडे उभं राहणाऱ्याला ज्वाळा लागत नाही, पण भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखं भाजतं.

‘ईडब्ल्यू’मध्ये त्या धगीवर मर्यादा येते. काचेपासून एक मीटरवर मोजलेली धग दर चौरस मीटरला १५ किलोवॉटच्या आत हवी. आकडा छोटा वाटतो ना? भर दुपारचं ऊन दर चौरस मीटरला साधारण एक किलोवॉट असतं. अडीच किलोवॉटला उघडी कातडी अर्ध्या मिनिटात असह्य होते. म्हणजे ईडब्ल्यू काचेपलीकडचा सोफा लगेच पेटणार नाही कदाचित, पण तिच्याजवळून माणसाने चालत जावं अशी ती नाही.

‘ईआय’मध्ये अखंडतेला उष्णतारोध जोडलेला असतो. पलीकडच्या पृष्ठभागाचं तापमान सुरुवातीपेक्षा सरासरी १४० अंशांहून जास्त वाढता कामा नये, आणि कोणत्याही एका जागी १८० अंशांहून जास्त नाही. ही खरी भिंतीच्या तोडीची काच. जिना, लॉबी, सुटकेचा कॉरिडॉर, जिथे जिथे माणसं आगीच्या वेळी काचेशेजारून जाणार, तिथे ईआयच मागा. नुसती ‘ई’ चालते अशा जागाही असतात, पण त्या फायर कन्सल्टंटने लेखी सांगितल्याशिवाय आपण ठरवायच्या नाहीत.

आपल्या उदाहरणातल्या लॉबीतून सहाव्या मजल्याच्या वरचे सगळे लोक उतरणार. तिथे ‘१२० मिनिटे’ याचा अर्थ ईआय १२० असाच घ्यायचा, आणि तसा तो ड्रॉइंगवर लिहून घ्यायचा.

कागद वाचायला शिका

नवा माणूस सगळ्यात जास्त फसतो ते इथे. ब्रिटिश पद्धतीच्या चाचणीत (बीएस ४७६ भाग २२) अखंडता आणि उष्णतारोध यांचे आकडे वेगवेगळे लिहितात. अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक ‘१२० मिनिटे’ असतं. चौथ्या-पाचव्या पानावर तक्ता असतो: इंटिग्रिटी १२० मिनिटे, इन्सुलेशन शून्य. पहिलं पान बघून पर्चेस ऑर्डर निघते आणि लॉबीला ‘ई’ दर्जाची काच लागते. कागदात खोटं काहीच नसतं. वाचणाऱ्याने अर्धंच वाचलेलं असतं.

दुसरी गोष्ट, चाचणी काचेच्या एकट्या तुकड्याची होत नाही. काच, चौकट, कडेची पट्टी, खालचे ठोकळे, बीडिंग (काच चौकटीत दाबून धरणारी पट्टी), स्क्रूमधलं अंतर, सीलंट आणि आजूबाजूची भिंत असं सगळं मिळून भट्टीच्या तोंडावर बांधतात आणि त्या सगळ्याला मिळून मिनिटं मिळतात. एक गोष्ट बदलली की ती मिनिटं तुमची राहिली नाहीत. त्यामुळे काचवाल्याचं सर्टिफिकेट आणि चौकटवाल्याचं दुसरंच सर्टिफिकेट एकाला एक टाचून दिलं, तर ते घेऊ नका. एकाच अहवालात दोन्हींची नावं हवीत.

अहवाल हातात आला की मी या क्रमाने बघतो. आधी चाचणीचं मानक आणि प्रयोगशाळा. आपल्याकडे रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत अग्निचाचण्या होतात, बाहेरच्या देशांतल्या प्रयोगशाळांचेही अहवाल येतात. मग नमुन्याचं माप: चाचणीत केवढी काच होती आणि अहवालाप्रमाणे किती मोठी चालेल. उंची आणि रुंदी वेगवेगळी तपासा, नुसतं क्षेत्रफळ जुळून भागत नाही. मग काच उभी होती की आडवी. मग आग कोणत्या बाजूने होती, कारण काही प्रकार एकाच बाजूने चालतात. मग भिंत: विटांची होती की जिप्सम बोर्डाची. शेवटी चौकटीच्या छेदाचं चित्र. ते चित्र नसलेला अहवाल मी परत पाठवतो. चित्राशिवाय साइटवर बसवायचं कशाच्या आधाराने?

दार असेल तर त्याचा कागद वेगळा. आपल्याकडे फायर डोअरसाठी आयएस ३६१४ आहे. इमारतीत काचेच्या सर्वसाधारण वापरासाठी आयएस १६२३१ आहे आणि त्याचा भाग ३ आगीचा विचार करतो. कोणत्या भिंतीला किती मिनिटं, हे राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ च्या भाग ४ मधून आणि अग्निशमन खात्याच्या ना हरकत प्रमाणपत्रातल्या अटींवरून येतं. त्या अटींची प्रत साइट ऑफिसात हवी. हेड ऑफिसच्या कपाटात असून उपयोग नाही.

कोणती काच, कशामुळे टिकते

तारेची काच जुन्या इमारतींत अजून दिसते. तडे जातात, पण आतली जाळी तुकडे धरून ठेवते. धक्क्याला ती साध्या काचेहून कमजोरच, आणि उष्णता पूर्ण सोडते. नव्या कामात माझ्या मते तिचं काही काम नाही.

एकसंध काचांमध्ये खास टफन केलेली, बोरोसिलिकेट आणि सिरॅमिक असे प्रकार आहेत. बोरोसिलिकेट तापल्यावर फार फुगतच नाही, म्हणून तडकत नाही. या काचा पातळ, हलक्या, दिसायला सुंदर. पण वर्ग ‘ई’, फार तर ईडब्ल्यू.

ईआयसाठी थरांची काच लागते. दोन किंवा अधिक काचांमध्ये सोडियम सिलिकेटचा पारदर्शक थर, किंवा जेल. साधारण १२० अंशांच्या पुढे हा थर फुगून पांढरा, अपारदर्शक फेस होतो आणि त्यातलं पाणी वाफ होताना उष्णता पिऊन घेतं. आगीकडची पहिली काच तडकते, ते अपेक्षितच असतं. मागचा थर काम सुरू करतो, मग त्यामागची काच तडकते, मग पुढचा थर. जितकी मिनिटं जास्त तितके थर जास्त. ईआय ६० ची काच पंचवीसेक मिमी होते, ईआय १२० सहज पन्नासच्या वर जाते.

आता वजनाचं गणित. काचेचं वजन दर मिमी जाडीला दर चौरस मीटरमागे अडीच किलो. थरांची काच थोडी हलकी. ईआय १२० साठी चौरस मीटरला १२० किलो धरा. आर्किटेक्टच्या चित्रात आपल्या जागेत दोन उभ्या काचा होत्या, प्रत्येकी ११८० बाय २६६० मिमी. क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर, वजन पावणेचारशे किलो. एका काचेचं! ती सहाव्या मजल्यावर कोणत्या लिफ्टने न्यायची, आणि उद्या फुटली तर चालू ऑफिसात बदलायची कशी?

म्हणून टेबलावरच तोडगा निघाला. खाली ९०० मिमी वीटकाम, वर चौकट, आणि त्यात तीन काचा, प्रत्येकी सुमारे ७५० बाय १७००. वजन दीडशे किलोच्या आसपास. उजेड जवळपास तेवढाच आला, खर्च बराच खाली आला. आर्किटेक्ट थोडा नाराज झाला, पण त्याला वजन आकड्यात दाखवलं की तो ऐकतो. “जमणार नाही” एवढंच म्हटलं तर ऐकत नाही.

थरांच्या काचेचे दोन शत्रू लक्षात ठेवा: अतिनील किरण आणि पाणी. बाहेरच्या बाजूला बसवायची असेल तर अतिनील रोखणारा थर असलेला प्रकार वेगळा मागवावा लागतो, नाहीतर काही काळाने आत बुडबुडे येतात, धूसर होते. तापमानालाही मर्यादा असते. बहुतेक प्रकार पंचेचाळीस ते पन्नास अंशांपर्यंतच चालतात. पुण्यात हे कुणाच्या डोक्यात येत नाही. पण मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरला ताडपत्रीखालच्या ट्रकमध्ये काच दोन दिवस उभी राहिली, तर ती आग न लागताच निम्मी खराब होते. उत्पादकाच्या पत्रकात ही मर्यादा छापलेली असते. ती ट्रान्सपोर्टवाल्यालाही लेखी द्या.

चौकट

अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. प्रमाणित वक्रात दहाव्या मिनिटालाच ६७८ अंश होतात. काच दोन तासांची आणि चौकट दहा मिनिटांची, असं लग्न लावू नका. चौकट पोलादी हवी. ईआयसाठी नुसती पोलादी नळीही पुरत नाही, कारण पोलाद उष्णता पलीकडे आणून सोडतं. त्यासाठी प्रोफाइलच्या पोटात कॅल्शियम सिलिकेट किंवा जिप्समसारखा उष्णतारोधक भरलेला असतो, किंवा दोन पोलादी कवचांमध्ये उष्णतेची वाट तोडलेली असते. काही चाचणी झालेल्या पद्धतींत अॅल्युमिनियमचं बाहेरचं आवरण असतं, पण भार आतला गाभा घेतो. डोळ्याने फरक कळत नाही. छेदाचं चित्र मागा म्हणालो ते यासाठीच.

माप आणि ऑर्डर

ही काच साइटवर कापता येत नाही, कड घासता येत नाही, भोक पाडता येत नाही. दोन मिमी मोठी आली तरी परत. म्हणून चौकट बसल्यावर, तिच्या आतलं माप घेऊन काच मागवा. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, दोन्ही कर्ण. सगळ्यात लहान माप धरायचं आणि त्यातून अहवालात सांगितलेली मोकळीक चारही बाजूंनी वजा करायची. ऑर्डरमध्ये एवढं तरी असावं: वर्ग आणि मिनिटं (‘ईआय १२०’, नुसतं ‘१२० मिनिटे’ नाही), चाचणी अहवालाचा क्रमांक, माप, उन्हाची बाजू कोणती, कायमचा शिक्का कोणत्या कोपऱ्यात हवा, आणि धक्का-सुरक्षेचा दर्जा. माणसं धडकू शकतील अशा उंचीवरची काच सुरक्षा काचही असावी लागते. आगीच्या नादात हे विसरतं.

‘ऑर इक्विव्हॅलंट’ (किंवा त्याच तोडीचं) हे शब्द टेंडरमधून काढता आले तर काढा. ठेवावेच लागले तर पुढे लिहा की पर्यायाचाही सगळ्या जोडणीचा अहवाल लागेल.

माल उतरवताना

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या कामावर ईआय ६० च्या अकरा काचा आल्या. कडेभोवती चंदेरी पट्टी गुंडाळलेली होती. आमचा एक पोरगा कामाचा मोठा चोख. त्याने बीडिंग नीट बसावी म्हणून कटरने चार काचांची पट्टी सोलून काढली, कडा पुसल्या, आणि “पॅकिंग काढलं, सर” म्हणून मला कौतुकाने दाखवलं. मी दुसऱ्या कामाच्या घाईत होतो. मान हलवली. ऑगस्टमध्ये त्या चार काचांच्या खालच्या कडेला दुधासारखी पांढरी रेघ दिसू लागली. दिवाळीपर्यंत ती चार बोटं वर चढली. पट्टी पॅकिंगची नव्हतीच. आतल्या थराला हवेतली ओल लागू नये म्हणून कारखान्यात लावलेली ती सील होती. चार काचांचे पैसे आमच्या खिशातून गेले. पोराला मी काही बोललो नाही, कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आता माल येण्याच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांना एक रिकामा नमुना हातात देऊन ती पट्टी दाखवतो.

तर उतरवताना प्रत्येक काचेची चारही बाजूंची पट्टी बघा. फाटलेली, टोचलेली, सुटलेली असेल तर चलनावर तसं लिहूनच सही करा. कोपऱ्याला टवका असेल तर काच बाजूला. कोपऱ्यातला शिक्का वाचा: उत्पादक, प्रकार, वर्ग. तो अहवालाशी जुळवा आणि फोटो काढा. ठेवताना उभी, किंचित कललेली, लाकडी घोड्यावर, खाली रबर किंवा लाकूड. आडवी कधीच नाही. छपराखाली, कोरड्यात, उन्हापासून लांब. पावसाळ्यात तळमजल्याच्या पार्किंगमध्ये ठेवायची वेळ आली तर जमिनीपासून चांगली वीतभर वर.

बसवणं

आधी भिंत तपासा. भिंतीची मिनिटं काचेपेक्षा कमी असतील तर काच महाग घेऊन फायदा नाही. आणि मान वर करून बघा: भिंत स्लॅबपर्यंत गेलीय की फॉल्स सीलिंगपाशी थांबलीय? हा दोष मी इतक्या वेळा पाहिलाय की आता साइटवर गेलो की पहिल्यांदा सीलिंगची एक टाइल उचलतो. वर दोन फूट मोकळी जागा, त्यातून एसीचा डक्ट आणि केबल ट्रे आरपार गेलेले. धूर काचेला विचारत बसत नाही, वरून जातो.

चौकट ओळंब्यात, पाणसळीत, गुण्यात (काटकोनात). अँकर पोलादी. नायलॉनचे फिशर (स्क्रूसाठी भिंतीत ठोकायचे प्लग) वापरायचे नाहीत, ते पहिल्या काही मिनिटांत वितळून सगळी चौकट भिंतीतून सुटते. अँकरमधलं अंतर चित्राप्रमाणे मोजून. चौकट आणि भिंत यांच्यातली फट रॉकवूलने घट्ट भरून वर फायर सीलंट. पिवळा पीयू फोम दिसला की थांबवा. गवंडी तो हौसेने मारतो, कारण पटकन भरतो. पेटतोही तितकाच पटकन. जिप्समच्या भिंतीत उघड्या जागेभोवतीच्या स्टडना (बोर्डामागच्या उभ्या पट्ट्यांना) जादा मजबुती द्यावी लागते. तेही अहवालात दाखवलेलं असतं.

काच उचलण्याआधी खालचे ठोकळे ठेवा. ते कठीण लाकडाचे किंवा कॅल्शियम सिलिकेटचे असतात. खिडकीला वापरतो ते रबरी किंवा प्लास्टिकचे चालत नाहीत, तापल्यावर ते पिचतात आणि दीडशे किलोची काच खाली बसते. दोन ठोकळे, चित्रात दाखवलेल्या जागी, बहुधा रुंदीच्या पाव अंतरावर. काचेच्या पूर्ण जाडीला आधार मिळेल एवढे रुंद. एकच थर टेकला आणि दुसरा अधांतरी राहिला, तर थर एकमेकांवरून सरकू लागतात.

सक्शन कपने चौघांनी उचलायची. कपचं रबर आणि काच आधी कोरड्या फडक्याने पुसून घ्या, धूळ असली की पकड सुटते. काच सरळ खाली आणायची, आधी एक कोपरा टेकवून मग दुसरा असं नाही. त्या एका कोपऱ्यावर क्षणभर सगळं वजन येतं आणि तिथेच पट्टी फाटते. दोन्ही बाजूंना सिरॅमिक फायबरची टेप, तीही कडेला समपातळीत. तुकडे जोडताना फट सोडू नका.

बीडिंग लावण्याआधी दोन मिनिटं थांबा आणि फोटो काढा. ठोकळे, टेप, कडेची मोकळीक आणि फुगणारी पट्टी (आगीत फुगून फट बुजवणारी) एका फोटोत दिसली पाहिजेत. बीडिंग बंद झाल्यावर हे कुणालाच दिसणार नाही, आणि तपासणीच्या दिवशी हाच फोटो कामाला येतो.

बीडिंगच्या स्क्रूंची लांबी जपा. लांब स्क्रू आत घुसून काचेच्या कडेला टोचतो. लगेच काही होत नाही, पंधरा दिवसांनी रात्री आपोआप तडा जातो आणि मग सगळे “काच खराब होती” म्हणतात. स्क्रूमधलं अंतर चित्रात १५० लिहिलंय तर १५०. “तीनशेवर पण घट्ट बसतंय” हे वाक्य ऐकलं की समजा, कारागीर अॅल्युमिनियमच्या खिडक्यांतून आलाय. त्याचं चुकत नाही, आजवर त्याला तेवढंच लागायचं. भट्टीत मात्र पत्रा वाकतो आणि दोन स्क्रूंच्या मधून उघडतो.

शेवटी सीलंट. अहवालात नाव आहे तेच. दुसऱ्या कुठल्या सिलिकॉनमधलं आम्ल कडेच्या पट्टीला खाऊ शकतं. शिक्का बीडिंगखाली झाकला गेला नाही ना, हे सीलंट ओलं असतानाच बघा.

जवळपास वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालणार असेल तर काचेवर जाड पुठ्ठा किंवा प्लायवूड लावा. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात, पुसून जात नाहीत.

काचेचं दार असेल तर

दारात सगळं वरचं आहेच, शिवाय ते हलतं. दाराची झडप आणि चौकट यांच्यातली फट अहवालाप्रमाणे, साधारण तीन मिमी. फुगणारी पट्टी अहवालात दाखवलेल्या बाजूंना अखंड, कुलपापाशी कापलेली असेल तर चित्रात तशी दाखवलेली हवी. बिजागऱ्या, क्लोजर (दार आपोआप ओढून बंद करणारा), लॅच चाचणी झालेले. क्लोजर लावल्यावर दार पूर्ण उघडून सोडा, मग फक्त चार बोटं उघडून सोडा. दोन्ही वेळा लॅच स्वतःहून लागला पाहिजे. एसी चालू असताना पुन्हा करून बघा, हवेच्या दाबाने बरीच दारं अर्ध्यावर थांबतात.

आणि दाराखाली पाचर. चहावाल्याला ये-जा करता यावी म्हणून फायर डोअर उघडं ठेवतात, आणि ते अडवायला अग्निशामक सिलिंडरच लावतात. हे दृश्य मी किमान दहा ऑफिसांत पाहिलंय. दार दिवसभर उघडं ठेवण्याची खरीच गरज असेल तर अलार्मला जोडलेला मॅग्नेटिक होल्डर लावा. अलार्म वाजला की तो सोडतो.

ताबा देताना आणि नंतर

महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना कायद्याप्रमाणे परवानाधारक संस्थेकडून काम झाल्याचा नमुना ‘अ’ द्यावा लागतो. नंतर दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा सुस्थितीत असल्याचा नमुना ‘ब’ मालक किंवा सोसायटीने द्यायचा असतो. तो भरताना पंप आणि होजरील बघतात, काचेकडे कुणी ढुंकून पाहत नाही. तुम्ही त्या यादीत काचेची ओळ घालून द्या: कडेला बुडबुडे वा पांढरेपणा आहे का, बीडिंगचे स्क्रू जागेवर आहेत का, शिक्का वाचता येतो का, कुणी सनफिल्म किंवा पोस्टर चिकटवलंय का.

पुसायला पाणी आणि साधा साबण पुरे. खालच्या बीडिंगवर पाणी साचू द्यायचं नाही. अॅक्सेस कंट्रोलवाला येऊन चौकटीत वायरसाठी भोक पाडेल, त्याच्यावर नजर ठेवा. त्याच्या दृष्टीने ती फक्त एक लोखंडी चौकट असते.

फाइलमध्ये अहवालाची पूर्ण प्रत, ऑर्डरचा क्रमांक, प्रत्येक काचेचं माप आणि जागा, बीडिंगआधीचे फोटो. एक प्रत इमारतीच्या फॅसिलिटी मॅनेजरकडे, आणि एक छोटी लॅमिनेट केलेली चिठ्ठी लॉबीतल्या इलेक्ट्रिकल शाफ्टच्या दाराच्या आतल्या बाजूला: ‘या लॉबीतल्या तीन काचा ईआय १२०. फुटल्यास गल्लीतल्या दुकानातून टफन आणून लावू नये. ऑर्डर क्रमांक अमुक.’ फॅसिलिटी मॅनेजर दोन वर्षांत बदलतो, फाइल शिफ्टिंगमध्ये हरवते. शाफ्टचं दार मात्र मीटर बघायला दर महिन्याला उघडतात.